मुलगा घरी बसलाय, मिस्टर रिटायर होतायत, आणि "मी कोण" हा प्रश्न नक्की कोणाचा?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. भांडुपच्या एक ताई आहेत, वय ४८. मुलगा २३ चा, इंजिनिअरिंग झालं, एका आयटी कंपनीत ८ महिने नोकरी केली आणि सोडली, आता ५ महिने घरी आहे, रात्री दोन-तीन पर्यंत जागा आणि सकाळी ११ ला उठतो, काही विचारलं की म्हणतो "आई मला खरंच माहीत नाही मी कोण आहे, मला काय करायचंय." मिस्टर ५७ चे, पुढच्या वर्षी सरकारी नोकरीतून रिटायर होतील, त्यांचं आणि मुलाचं रोज वाजतं. सासूबाई ७९, लालबागच्या चाळीतल्या त्याच त्या गोष्टी दिवसभर सांगतात. सासरे मिलमधे होते, संपानंतर घरीच बसले, सासूबाईंनी डबे करून घर चालवलं. जागा वन बीएचके. ताईंनी कुठेतरी एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाचा, माणूस कसा घडतो त्याच्या आठ टप्प्यांचा तक्ता वाचला, त्यात लिहिलंय की १२ ते १८ या वयात ओळख तयार होते, तर त्यांचा प्रश्न असा की माझा मुलगा मागे पडलाय का आणि आता उशीर झालाय का. शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंय, "खरं सांगू का, हल्ली मलाही तसंच वाटतं." आणि खाली सही, 'एक आई'.

ताई, मी दादरला गेली २२ वर्षं समुपदेशन करते, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊन टाकते, नाही, तो मागे पडलेला नाही. बाकीचं सांगायला मात्र वेळ लागेल कारण तुम्ही प्रश्न एकाचा विचारलाय आणि वर्णन चौघांचं केलंय, आणि मला वाटतं तुम्ही ते बरोबरच केलंय.

तो तक्ता आधी बाजूला ठेवू. आपल्याकडे डीएड, बीएड, टीईटी केलेल्या प्रत्येकाने तो पाठ केलेला असतो, डावीकडे वय, मधे 'अमुक विरुद्ध तमुक', उजवीकडे त्यातून मिळणारा गुण. तो तसा वाचला की वाटतं हे शाळेच्या इयत्तांसारखं आहे, पास झालात तर वरच्या वर्गात, नाहीतर बसा तिथेच. एरिक्सनच्या डोक्यात हे असं नव्हतं. त्याने १९५० साली हे आठ टप्पे पुस्तकात मांडले तेव्हा त्यातली नवी गोष्ट ही होती की माणूस जन्मभर घडत असतो, त्याच्या आधी फ्रॉइडचा सगळा भर पहिल्या पाच-सहा वर्षांवर होता. तान्ह्या बाळापुढे पेच असतो की या जगावर विसंबावं की नाही. दोन-तीन वर्षांच्या पोराला सगळं स्वतः करायचं असतं आणि जमलं नाही किंवा कोणी हसलं की लाज वाटते. चार-पाचला ते स्वतःहून उद्योग काढतं आणि फार दटावलं तर आपण वाईटच आहोत असं मनात धरून बसतं. शाळेच्या वयात प्रश्न असतो मला जमतंय का मी ढ आहे. मग मी कोण. मग विशी-तिशीत, दुसऱ्याच्या इतकं जवळ जाता येईल का की त्यात आपण पुसले जाणार नाही. चाळिशी ते साठी, माझ्यामागून येणाऱ्यांसाठी मी काही उभं करतोय की नुसता साचून राहिलोय. आणि शेवटी म्हातारपणी, जे जगलो ते माझं होतं असं म्हणता येतंय की नुसती हळहळ आहे.

यात 'विरुद्ध' या शब्दाने फार घोळ घातलाय. लोकांना वाटतं विश्वास शंभर टक्के हवा आणि अविश्वास शून्य. अहो, दादर स्टेशनवर संध्याकाळी सात वाजता कोणाचाही हात धरून चालायला लागेल असं पोर कोणाला हवंय? थोडा अविश्वास लागतोच, थोडी लाजही लागते, फक्त पारडं चांगल्या बाजूला झुकलेलं असावं. आणि एक टप्पा झाला म्हणजे तो कायमचा झाला असंही नसतं, पुढे कधीतरी आयुष्य असा धक्का देतं की जुना पेच परत दारात येऊन उभा राहतो.

एक उदाहरण देते (माझ्याकडच्या लोकांची सगळी उदाहरणं तपशील बदलून देतेय). मुलुंडची एक आई यायची, मुलगी अडीच वर्षांची. सकाळी मुलीला पाळणाघरात सोडून हिला ८:१२ ची लोकल गाठायची असायची, आणि मुलगी नेमकी त्याच वेळी दारात फतकल मारून बसायची, सँडलचा पट्टा हातात, "मी मी, मी लावणार". वेल्क्रो असता तरी एक वेळ निभावलं असतं, ते होतं बकल. ती बारीक बोटांनी पट्टा भोकापर्यंत न्यायची, सुटायचा, परत न्यायची. आई दोन मिनिटं बघायची, मग घड्याळ बघायची, आणि खाली वाकून खटकन लावून टाकायची. मग लिफ्टपासून पाळणाघरापर्यंत रडारड. आई माझ्याकडे आली ती मुलगी हट्टी आहे ही तक्रार घेऊन. आम्ही काय केलं तर सँडल घालायचा कार्यक्रम दहा मिनिटं अलीकडे आणला, दूध पिण्याच्याही आधी, बस. ती घरात सँडल घालून दूध प्यायची, आजीला ते आवडायचं नाही, पण रडणं थांबलं. हट्ट वगैरे काही नव्हतं, तिच्या वयाचं काम ती करत होती आणि मुंबईच्या टाइमटेबलमधे त्या कामाला जागा नव्हती. हे बकल लक्षात ठेवा, पुढे सासूबाईंच्या वेळी मी परत त्यावर येणारे.

आता मुलगा. त्याच्याकडे वळायच्या आधी एरिक्सनची स्वतःची गोष्ट ऐका कारण ती तुमच्या मुलालाही सांगण्यासारखी आहे. हा माणूस १९०२ साली जर्मनीत फ्रँकफर्टला जन्मला, आई डॅनिश ज्यू, वडील कोण ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. आईने मुलांच्या डॉक्टरशी लग्न केलं, त्यांचं आडनाव याला लागलं, होम्बुर्गर. दिसायला उंच, सोनेरी केस, निळे डोळे, त्यामुळे ज्यू मुलं त्याला परका म्हणायची आणि शाळेतली जर्मन मुलं ज्यू म्हणून चिडवायची. शाळा संपल्यावर कॉलेजला गेला नाही, चित्रं काढत युरोपात भटकला, २५ व्या वर्षी हातात ना डिग्री ना धड नोकरी. १९२७ ला एका मित्राने व्हिएन्नाला एका छोट्या शाळेत शिकवायला बोलावलं, तिथे फ्रॉइडच्या मुलीची, ॲनाची ओळख झाली आणि गाडी रुळावर आली. पुढे हिटलर आल्यावर १९३३ ला अमेरिका, आणि तिथे १९३९ ला नागरिकत्व घेताना त्याने स्वतःचं आडनावच नवीन घेतलं, एरिक्सन, म्हणजे एरिकचा मुलगा. वडील माहीत नाहीत तर मी माझाच मुलगा, असाच त्याचा अर्थ बरेच जण लावतात. 'आयडेंटिटी क्रायसिस' हा जो शब्द आज कॉलेजची पोरं येताजाता वापरतात तो याच माणसाने रुळवला. दुसऱ्या महायुद्धातून परतलेले सैनिक त्याच्याकडे यायचे, त्यांना वेड लागलेलं नव्हतं, पण कालचा मी आणि आजचा मी एकच आहे हा धागा तुटला होता, त्यांच्याबद्दल बोलताना त्याला हा शब्द सापडला.

पोरांना चाचपडायला जी मोकळी वर्षं लागतात त्यांना तो 'मोरॅटोरियम' म्हणायचा. हा खरं तर बँकेतला शब्द, करोनात आपण सगळ्यांनीच ऐकला, हप्ता माफ नाही, पुढे ढकललाय. तसंच, मोठं व्हायचं माफ नाही, थोडी मुदत दिलीय.

१९६६ ला जेम्स मार्सिया नावाच्या मानसशास्त्रज्ञाने यात एक फार कामाची भर घातली. त्याने कॉलेजच्या मुलांच्या मुलाखती घेतल्या आणि दोनच गोष्टी बघितल्या, हा पर्यायांमधून शोधून आलाय का, आणि हा कशाला तरी धरून आहे का. यातून चार प्रकार निघतात. शोधलंय आणि धरलंय, तो स्थिरावला. शोधतोय पण अजून धरलं नाही, तो मोरॅटोरियममधे. शोधत नाही आणि धरतही नाही, तो वाऱ्यावर. आणि चौथा आपल्याकडचा लाडका प्रकार, शोधलं काहीच नाही पण धरून बसलाय, कारण घरच्यांनी धरायला दिलं. दहावीला ८९ टक्के पडले म्हणून सायन्स, सायन्स घेतलं म्हणून इंजिनिअरिंग, इंजिनिअरिंगला आला म्हणून कॅम्पसमधे मिळेल ती आयटी कंपनी. अशा मुलाला १८ व्या वर्षी विचारा तू कोण, तो न अडखळता सांगेल मी इंजिनिअर होणार. नातेवाईक म्हणतात बघा किती क्लिअर आहे. तो क्लिअर वगैरे नसतो हो, त्याला प्रश्नच पडलेला नसतो. तुमचा मुलगा १८ ला 'शहाणा' होता ना? तुम्ही लिहिलंयच की कधी त्रास दिला नाही. मग जो प्रश्न १८ ला पडायचा तो त्याला २३ ला, हिंजवडीत किंवा ऐरोलीत कुठल्यातरी क्युबिकलमधे बसून तक्रारींची तिकिटं बंद करताना पडला. तुम्ही याला घसरण समजताय, मी हे पुढचं पाऊल समजते. आणि २३ हे वय काही उशिराचं नाही, शिक्षण लांबलं, लग्नं लांबली, जागेचे भाव तर विचारूच नका, २००० साली जेफ्री आर्नेट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने या १८ ते २५ च्या अधांतरी वर्षांना वेगळंच नाव दिलं, उदयोन्मुख प्रौढावस्था असं काहीसं मराठीत म्हणता येईल. अर्थात ते अमेरिकेतल्या मुलांवरून बेतलेलं आहे, आपल्याकडे ज्या घरात १८ व्या वर्षी पोरगं डिलिव्हरीच्या बाइकवर बसतं तिथे ही चैन नसते, हे मी विसरत नाही.

पण, आणि हा पण मोठा आहे, प्रत्येक घरी बसलेला मुलगा शोधतच असतो असं नाही. शोधणारा अस्वस्थ असतो. तो चिडतो, वाद घालतो, एक दिवस म्हणतो फोटोग्राफी, दुसऱ्या दिवशी म्हणतो एमपीएससी देतो, तिसऱ्या दिवशी कुठला तरी कोर्स बघतो, घरच्यांना वीट येतो पण त्याच्यात हालचाल असते. वाऱ्यावर असलेला शांत असतो, त्याला फरक पडत नाही, फोन मिळाला की झालं. आणि तिसरी गोष्ट म्हणजे डिप्रेशन, ते या दोन्हीपेक्षा वेगळं, तो आजार आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ मन सतत खाली, आधी जे आवडायचं त्यातही रस नाही, मित्रांचे फोन घेत नाही, जेवण झोप बिघडलेली, अंघोळसुद्धा नको वाटते, माझा उपयोग नाही असं बोलणं, असं असेल तर माझ्यासारखीकडे येऊन गप्पा मारत बसू नका, आधी सायकिॲट्रिस्टला दाखवा, आणि मरणाबद्दल एक वाक्य जरी आलं तरी त्याच दिवशी. रात्री-बेरात्री बोलायला सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, २४ तास, मराठीतही बोलतात. ओळखीचा पेच आहे असं म्हणत आजाराकडे काणाडोळा झालेली घरं मी बघितलीत म्हणून हे मधेच घुसवलं.

तो शोधतोय असं धरून चालू (तुम्ही लिहिलंय की गेल्या महिन्यात तो मित्राबरोबर ट्रेकिंगच्या ग्रुपचं काम बघायला दोन रविवार गेला होता, मला त्यात जीव दिसला). तर मुदतीला कुंपण हवं. 'तुला हवा तेवढा वेळ घे' हे ऐकायला छान, प्रत्यक्षात पोरं त्यात बुडतात. घरात बसून एकमेकांशी ठरवा, समजा डिसेंबर अखेरपर्यंत. तोपर्यंत नोकरीचा विषय कोणी काढायचा नाही, जेवणाच्या ताटावर तर नाहीच. त्या बदल्यात तीन गोष्टी त्याच्याकडून, साडेआठला उठायचं, घरातलं एक काम पूर्ण त्याच्या नावावर, म्हणजे मदत म्हणून नाही तर ते बुडलं तर घराची अडचण होईल असं, उदाहरणार्थ आजीची औषधं आणि तिची डॉक्टरची फेरी. आणि तिसरं, दर दोन-तीन आठवड्यांनी एक गोष्ट करून बघायची. विचार करायची नाही, करायची. ओळख विचार करून सापडत नाही हो, मी तरी २२ वर्षांत पाहिलं नाही. चार रविवार ट्रेक लीडरबरोबर फिरला, पाचव्या रविवारी पावसात वीस जणांना सुखरूप खाली आणलं, कोणीतरी दादा म्हणून हाक मारली, तिथे काहीतरी घट्ट होतं.

आता मिस्टर. ताई, मी हे अंदाजाने लिहितेय, चुकलं तर सोडून द्या. पण मी तुमच्या पत्रातले आकडे मांडले. मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला. जवळजवळ अडीच लाख कामगार त्या संपात होते, तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला, आणि माणसं घरी बसली. मिस्टर आज ५७ चे, म्हणजे तेव्हा १३-१४ चे. नेमकं ते वय, जेव्हा मुलगा वडिलांकडे बघून ठरवत असतो की पुरुष म्हणजे काय, काम म्हणजे काय. आणि त्या वयात त्यांनी वडील खाटेवर बसलेले पाहिले आणि आई पहाटे चारला उठून पोळ्या लाटताना. मला वाटतं ११ वाजता हॉलमधे अंथरुणात पडलेला मुलगा बघून ते जे भडकतात ना, ते त्या मुलावर नसतं पूर्ण.

माझ्याकडे एक काका यायचे, मिलच्या साचेखात्यातले, म्हणजे मागावर कापड विणणारे, सत्तरी पार केलेले. मिल गेल्यावर वॉचमन झाले, ते सुद्धा त्याच भागातल्या टॉवरवर. पहिल्या दिवशी बोलले काहीच नाहीत, माझ्या खिडकीचा पडदा दोन बोटांत धरला, अंगठा फिरवला आणि म्हणाले "यात सूत कमी, बाकी मिक्स आहे." मग पंधरा मिनिटं कापडावर बोलले, आणि बोलताना खुर्चीत ताठ होत गेले. वॉचमनच्या नोकरीत १८ वर्षं काढली होती त्यांनी, त्याबद्दल विचारलं तर म्हणाले "ते काय, ते पोटासाठी." म्हणून एरिक्सनच्या 'मनोसामाजिक' या शब्दात 'मनो' च्या पुढे 'सामाजिक' आहे ते महत्त्वाचं, तुमची ओळख तुमच्या एकट्याच्या डोक्यात नसते, भोंगा वाजायचा बंद झाला की अडीच लाख माणसांना एकदम प्रश्न पडतो. योगायोग बघा, एरिक्सनने गांधीजींवर जे पुस्तक लिहिलं ना, ज्याला १९७० चं पुलित्झर मिळालं, त्याचा गाभा म्हणजे अहमदाबादचा १९१८ चा गिरणी कामगारांचा संप. गिरणी आणि संप यातून माणसाची ओळख कशी घडते याच्यात त्या माणसाला इतका रस होता, १९८२ ची मुंबई त्याने पाहायला हवी होती असं मला कायम वाटतं.

तर मिस्टरांच्या वयाचं काम आहे देणं. जे शिकलो, साठवलं ते मागच्यांना द्यायचं, नाहीतर माणूस साचतो, त्याला स्वतःची दुखणी आणि पेन्शनचे हिशोब याशिवाय काही उरत नाही. आणि तुमच्या घरी गंमत अशी झालीय की एकाच खोलीत एकाला द्यायचंय आणि दुसऱ्याला नाकारायचंय, कारण २३ वर्षांच्या मुलाला वडिलांचं म्हणणं नाकारूनच स्वतःचं काय ते कळणार असतं. दोघं आपापल्या वयाचं काम अगदी मन लावून करतायत आणि त्यालाच तुम्ही 'रोज वाजतं' म्हणताय. मिस्टरांचं देणं थोडं दुसरीकडे वळवा. ऑफिसात नवीन लागलेली पोरं असतील, सोसायटीच्या कमिटीला कागदपत्रं समजणारा माणूस कायम हवाच असतो, मंडळाचा जमाखर्च असतो. स्वतःच्या मुलाला सोडून बाकी कोणालाही शिकवायला सांगा. मुलगा चोरून ऐकतो, हा अनुभव आहे.

सासूबाई. त्याच त्या गोष्टी सांगतात म्हणून तुम्ही वैतागलाय ते समजू शकते, दिवसभर ऐकायला तुम्हीच असता. १९६३ साली रॉबर्ट बटलर नावाच्या डॉक्टरने लिहिलं की म्हातारी माणसं जुनं उगाळतात ते चळ लागल्यासारखं नाही, ती आयुष्याचा हिशोब तपासत असतात, आणि जो हिशोब लागत नाही तिथे पुन्हा पुन्हा येतात. कुठली गोष्ट परत परत येते ते ऐका. तुम्ही लिहिलंय की डब्यांची गोष्ट सगळ्यात जास्त, आणि त्यातही तो एक दिवस जेव्हा ३२ डबे भरले आणि स्वतःच्या घरात रात्री जेवायला उरलं नाही. मला वाटत नाही त्यांना सहानुभूती हवीय, कोणीतरी म्हणायला हवंय की तुम्ही घर वाचवलंत. सासरे ते बोलले होते का कधी? तेव्हा बायकांनी कमावलेलं मोजायची पद्धत नव्हती. नातवाला सांगा मोबाइलवर रेकॉर्ड कर, आणि नुसतं ऐकू नकोस, प्रश्न विचार, डबा कितीला होता, गहू कुठून आणायचीस, पैसे कोण बुडवायचं. त्यालाही कळेल की घरी बसलेल्या माणसाच्या बाजूला उभी राहणारी बाई कशी असते. (फक्त एक बघा, जुनं आठवतंय पण सकाळी जेवल्या का ते विसरतात, गॅस चालू राहतो, ओळखीचा रस्ता चुकतो, असं असेल तर ते हिशोबाचं नाही, मेंदूचं आहे, डॉक्टरला दाखवा.)

आणि ते बकल. एरिक्सनची बायको जोन स्वतः नव्वदी पार करून होती तेव्हा तिने नवऱ्याच्या सिद्धांताला नववा टप्पा जोडला, १९९७ ला तो छापून आला, एरिक्सन तोपर्यंत गेलेला. तिचं म्हणणं की ऐंशी-नव्वदीत पहिले सगळे पेच उलटे फिरून येतात. गुडघ्यावर विश्वास उरत नाही, भांडुपच्या पुलाचा जिना चढवेल की नाही. अंघोळीला कोणीतरी लागतं आणि लाज वाटते, दोन वर्षांच्या पोराला वाटते तीच. सासूबाई साडीच्या निऱ्या घालायला वेळ लावतात आणि तुम्ही पुढे होऊन भरकन घालून देता ना? तुमचा हेतू चांगला, घाई असते. दहा मिनिटं अलीकडे आणून बघा.

आता तुम्ही. मुद्दाम शेवटी ठेवलं नाही, तुम्हीच शेवटी लिहिलंत.

एरिक्सनच्या तक्त्यावर एक मोठा आक्षेप आहे आणि तो मला शंभर टक्के पटतो. त्याच्या तक्त्यात आधी ओळख, मग जवळीक. आधी मी कोण ते ठरवा, मग लग्न करा. १९८२ ला कॅरोल गिलिगन या मानसशास्त्रज्ञ बाईने दाखवून दिलं की हा पुरुषाच्या आयुष्याचा नकाशा आहे, बायकांमधे ही दोन्ही एकमेकांत गुंतलेली असतात. आपल्याकडे तर सरळ उलटंच. तुमचं लग्न २२ व्या वर्षी झालं, बीकॉम होऊन पतपेढीत नोकरी करत होतात, आणि तुम्ही लिहिलंय की लग्नात नाव बदललं. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने त्यात नवीन नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. मी या प्रथेवर भाषण देणार नाही, माझंही असंच झालंय, आणि मला ते नाव आवडतंही. पण विचार करा, एरिक्सनने स्वतःचं नाव स्वतः ठेवलं आणि त्यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली, आणि इथे घरोघरी बायकांची पहिली, मधली, शेवटची तिन्ही नावं एका दुपारी बदलली गेली आणि कोणी विचारलं नाही की कालची तू आणि आजची तू यांच्यात धागा कोणता. तो प्रश्न मग कुठे जातो, पुढे ढकलला जातो. मुलगा लहान, नोकरी सोडली, सासऱ्यांचं आजारपण, मुलाची दहावी, बारावी. आणि ४८ ला पाळीचं चक्र बदलतंय, मुलाला तुमची तशी गरज नाही, तेव्हा तो प्रश्न परत येतो. तुमचा मुलगा जे म्हणाला ते ऐकून तुम्हाला इतकं लागलं कारण ते वाक्य तुमचंही होतं. त्याला वेळ द्यायला तुम्ही तयार आहात, स्वतःला द्यायची वेळ आली की मात्र तुम्ही ते एका ओळीत उरकलंत.

मी तुम्हाला हॉबी क्लास लावा असं सांगणार नाही, रांगोळीचे क्लास लावून आलेल्या आणि तरीही रडणाऱ्या खूप जणी माझ्याकडे येतात. तुमच्यासाठी मार्सियाचेच दोन प्रश्न, काय शोधायचं राहिलं होतं, आणि त्यातलं आज काय धरावंसं वाटतं. पतपेढीत तुम्हाला काय आवडायचं ते आठवा, आकडे जुळणं की काउंटरवर माणसांशी बोलणं, दोन्ही वेगळी कामं आहेत. एका वहीत लिहा. मुलाला जशी डिसेंबरपर्यंत मुदत तशीच तुम्हालाही, आणि घरच्यांना तसं सांगा, म्हणजे त्या घरात दोन जण शोधतायत हे सगळ्यांना कळेल, त्यालाही थोडं हलकं वाटेल.

समुपदेशकाकडे जायचं ठरवलंत तर पहिल्या वेळी मुलाला ओढत आणू नका, तो भिंतीकडे बघत बसेल आणि तुमचे पैसे जातील. मिस्टरांनाही नको. तुम्ही एकट्या जा. आणि तिथे एक फॉर्म भरायला देतात, त्यात वरच रकाना असतो, नाव. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ आया तिथे मुलाचं नाव लिहितात, मग मी तो फॉर्म बाजूला ठेवते आणि दुसरा कोरा देते.